‘कामेरा’ : एका शब्दाची युरोपीय घराणी (प्रस्तावना)

युरोपातील भाषा शिकणाऱ्याला सर्वांत जास्त चकवतात ते ओळखीचे वाटणारे शब्द. ग्रीक आणि लॅटिन या दोन प्राचीन भाषांचा वारसा लिस्बनपासून मॉस्कोपर्यंतच्या बहुतेक सर्व भाषांनी कमीअधिक प्रमाणात घेतलेला असल्यामुळे एकाच मूळ शब्दाची रूपे अनेक भाषांत सहज दिसतात, आणि एका भाषेत त्या रूपाचा जो अर्थ शिकलेला असतो तोच दुसरीतही असणार, असे मन आपोआप धरून चालते. माक्सिम केस्लेर आणि ज्यूल दरोकिन्यी या दोन फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ साली फ्रेंच व इंग्रजी यांतील अशा चकवणाऱ्या शब्दांवर पुस्तक लिहून त्यांना ‘फो-झामी’, म्हणजे ‘खोटे मित्र’, असे नाव दिले आणि ते नाव पुढे सर्वत्र रूढ झाले. भाषा शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने हे नाव सोयीचे असले तरी शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने ते अपुरे आहे. कारण ज्या शब्दाला खोटा मित्र म्हणून बाजूला ठेवले जाते, त्याचा त्या विशिष्ट भाषेतील अर्थ तेथील राज्यव्यवस्था, सैन्य, न्यायालये, बाजारपेठा आणि घरबांधणी यांच्या इतिहासातून घडलेला असतो, आणि तो कसा घडला हे कळले की वरवर विसंगत वाटणारे अर्थ एकमेकांशी बोलू लागतात. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे, आणि त्यासाठी मराठी वाचकाच्या रोजच्या वापरात असलेल्या एका शब्दाची निवड केली आहे. तो शब्द म्हणजे लॅटिन ‘कामेरा’, ज्याचे इंग्रजी रूप ‘कॅमेरा’ आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये आहे.

या शब्दाचे उगमस्थान ग्रीक ‘कमारा’ हे आहे. कमान असलेली किंवा वरून वक्र आच्छादन असलेली कोणतीही वस्तू ग्रीकांच्या दृष्टीने ‘कमारा’ होती. हिरोडोटसने बॅबिलोनच्या वर्णनात श्रीमंत स्त्रियांच्या आच्छादित गाड्यांसाठी हा शब्द वापरला आहे. काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील चाचे ज्या हलक्या नावा वापरत त्यांचे नाव हेच असल्याचे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो, आणि रोमन इतिहासकार टॅसिटस अशा होड्यांचे वर्णन करताना समुद्र खवळला की खलाशी बाजूच्या फळ्या चढवत नेऊन शेवटी छपरासारखे आच्छादन तयार करीत, असा तपशील देतो. रोमनांनी शब्द उचलला तेव्हा त्यात घुमटाकार छताचा अर्थ स्थिर झाला. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील वास्तुविशारद विट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात ‘कामेरा’ कशी बांधावी हे सविस्तर सांगतो: लाकडी पट्ट्या ठरावीक अंतरावर कमानीच्या आकारात बसवायच्या, ठेचलेल्या बोरूच्या जुड्या त्यांना खालून बांधायच्या आणि त्यांवर गिलाव्याचे थर देऊन घोटायचे. म्हणजे ‘कामेरा’ या शब्दाने त्या काळी खोलीचा बोध होत नव्हता. खोलीच्या डोक्यावर काय आहे, याचा होत होता.

पुढच्या काही शतकांत छताचे नाव खोलीला मिळाले. अंशाचे नाव संपूर्ण वस्तूला, धारण करणाऱ्याचे नाव आतील वस्तूला किंवा जागेचे नाव तेथील माणसांना दिले जाणे हा अर्थपरिवर्तनाचा जगभर आढळणारा प्रकार आहे, आणि त्याचे भारतीय विवेचन युरोपीय अर्थविज्ञानाहून, म्हणजे अर्थबदलाच्या आधुनिक शास्त्राहून, कितीतरी जुने आहे. वाच्यार्थ जुळत नसताना त्याच्याशी संबंधित असा दुसरा अर्थ घेण्याच्या शब्दशक्तीला संस्कृत शास्त्रकारांनी ‘लक्षणा’ म्हटले. न्यायसूत्रांनी तर असे संबंध कोणकोणते असू शकतात याची यादीच केली, आणि त्यातील ‘स्थान’ या संबंधाचे उदाहरण म्हणून वात्स्यायनाने भाष्यात ‘मंच ओरडतात’ हे वाक्य दिले, ज्यात मंच म्हणजे मंचावरची माणसे. सभागृहाने ठराव मंजूर केला, असे मराठीत आजही लिहिले जाते तेव्हा भिंतींनी हात वर केले असे कोणी समजत नाही. ‘कामेरा’चा सगळा युरोपीय इतिहास या ‘स्थान’संबंधाभोवती फिरतो. कोणत्या समाजात त्या बंद खोलीत कोण बसले, तेथे काय ठेवले गेले आणि दार कोणासाठी बंद झाले, यावर त्या भाषेतील अर्थ ठरला. हे या प्रस्तावनेचे मुख्य प्रतिपादन आहे.

अर्थाकडे वळण्यापूर्वी रूपाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ज्याला ध्वनिबदलाचा नियम माहीत नाही त्याला फ्रेंच ‘शांब्र’ आणि इटालियन ‘कामेरा’ हे सख्खे भाऊ आहेत हे पटणार नाही. लॅटिनमधील शब्दारंभीचा ‘का’ हा ध्वनी उत्तर फ्रान्समधील बोलींत आधी ‘चा’ आणि नंतर ‘शा’ झाला, त्यामुळे गाणे या अर्थाचे लॅटिन ‘कांतारे’ हे क्रियापद फ्रेंचमध्ये ‘शांते’ झाले. दुसरा बदल असा की ‘कामेरा’तील मधला अनाघात स्वर गळून ‘म’ आणि ‘र’ हे ध्वनी शेजारी आले. ‘म’ उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकावाटे जाते. पुढच्या ‘र’साठी नाकाची वाट क्षणभर आधीच बंद झाली तर ओठ उघडताना मध्ये ‘ब’ उमटतो. अशा रीतीने ‘कामेरा’ची ‘शांब्र’ झाली आणि तिचे जुने रूप इंग्लंडात जाऊन ‘चेंबर’ झाले. मराठी वाचकाला हा बदल नवा वाटू नये, कारण संस्कृत ‘आम्र’पासून ‘आंबा’ आणि ‘ताम्र’पासून ‘तांबे’ होताना अगदी हाच ‘ब’ याच कारणाने मध्ये आला आहे.

मध्ययुगात या शब्दाच्या अर्थाला सर्वांत मोठे वळण राजाच्या खोलीने दिले. त्या काळी राज्याचा खजिना आणि राजाचे वैयक्तिक धन यांत आजच्यासारखी सीमारेषा नव्हती. मौल्यवान वस्तू, वस्त्रे, भेटी आणि नाणी राजाच्या शयनगृहालगतच्या बंदोबस्तातल्या खोलीत ठेवली जात, आणि त्या खोलीचा अधिकारी तो ‘कामेरारिउस’. राइम्सचे आर्चबिशप हिंकमार यांनी ८८२ साली फ्रँक राजवाड्याच्या व्यवस्थेविषयी जे लिहिले त्यात राजवाड्याची शोभा राखणे आणि सरदारांना द्यावयाच्या वार्षिक देणग्या पाहणे ही कामे राणीकडे व तिच्या खालोखाल या अधिकाऱ्याकडे असल्याचे म्हटले आहे. खोलीची किल्ली ज्याच्या कमरेला, त्याच्या हाती राज्याची तिजोरी, अशी ही परिस्थिती होती. त्यामुळे ‘कामेरा’ म्हणजे कोषागार हा अर्थ जवळजवळ सर्व पश्चिम युरोपभर रुजला. पोपच्या आर्थिक कारभाराचे कार्यालय ‘कामेरा अपोस्तोलिका’ या नावाने ओळखले गेले, आणि पोपचे निधन झाल्यावर नवा पोप निवडून येईपर्यंत चर्चच्या मालमत्तेची देखभाल करणारा कार्डिनल आजही ‘कामेर्लेंगो’ म्हणवतो. हा शब्द लॅटिन मुळाचा असला तरी त्याचा प्रत्यय जर्मानिक आहे; इंग्रजी ‘चेंबरलेन’ आणि फ्रेंच ‘शांबेलां’ हे त्याचेच भाऊ.

जर्मन भाषिक प्रदेशात या अर्थाने शास्त्राचे रूप घेतले. तेथील असंख्य लहानमोठ्या राजांच्या उत्पन्नाची, जंगलांची, खाणींची आणि करांची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याला ‘कामर’ म्हणत, आणि त्या कारभाराचे ज्ञान देणाऱ्या विषयाला ‘कामरालविसेनशाफ्ट’, म्हणजे कोषव्यवहाराचे शास्त्र, असे नाव मिळाले. प्रशियाचा राजा पहिला फ्रेडरिक विल्यम याने १७२७ साली हाले आणि ओडर नदीवरील फ्रँकफुर्ट येथील विद्यापीठांत या विषयाची अध्यासने स्थापन केली. आज जे विषय अर्थशास्त्र आणि लोकप्रशासन या नावांनी शिकवले जातात, त्यांचा एक महत्त्वाचा पूर्वज अशा रीतीने एका खोलीच्या नावाखाली वाढला. जर्मन शहरांचा वित्तप्रमुख अजूनही ‘केमरर’ म्हणवतो. गंमत वाटेल, पण सामान्य जर्मन माणसाच्या घरात मात्र याच ‘कामर’ची किंमत उतरत गेली: राहण्याच्या खोलीला तो ‘त्सिमर’ हा लाकूडकामाशी संबंधित असलेला जर्मानिक शब्द वापरतो आणि ‘कामर’ हा शब्द अडगळीच्या किंवा धान्य ठेवण्याच्या छोट्या खोलीसाठी राखून ठेवतो. एकाच भाषेत एकाच काळी शब्दाने राज्याच्या कारभारात इतके वर जावे आणि घरात इतके खाली यावे, हे अर्थाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे.

राजा त्या खोलीत केवळ धन ठेवत नव्हता. तो तेथे न्यायही देत होता आणि सल्लाही घेत होता. पवित्र रोमन साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांपैकी एक असलेले ‘राइख्सकामरगेरिख्ट’ १४९५ साली वर्म्स येथील सभेत स्थापन झाले आणि १८०६ साली साम्राज्याबरोबरच संपले; जर्मन कवी गटे तरुणपणी, १७७२ साली, वकिलीच्या उमेदवारीसाठी वेट्झलरला गेला तो याच न्यायालयात. बर्लिनचे उच्च न्यायालय आजही ‘कामरगेरिख्ट’ आहे. इंग्लंडात ‘स्टार चेंबर’ हे वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्यातील दालनात भरणारे न्यायालय राजाच्या मनमानीचे प्रतीक ठरले आणि पार्लमेंटने १६४१ साली ते रद्द केले. पुढे सत्ता राजाकडून प्रतिनिधींकडे सरकली तशी खोलीही सरकली: इटलीचे लोकप्रतिनिधी ‘कामेरा’त बसू लागले, नेदरलँड्सचे ‘ट्वेडे कामर’मध्ये, म्हणजे दुसऱ्या खोलीत, जिथे आज १५० सदस्य असतात. व्यापाऱ्यांनीही हे नाव घेतले. मार्से येथे १५९९ साली व्यापाऱ्यांची पहिली ‘शांब्र द कोमेर्स’ उभी राहिली, आणि त्याच नावाच्या परंपरेत १८३६ साली मुंबईत आणि १९३४ साली पुण्यात व्यापारी मंडळे निघाली. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझेन येथील सहा ‘कामर’मध्ये वाटलेला होता, वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा व्यवहार शेवटी ज्यांच्या हिशेबात जाई त्या या खोल्या.

सत्तेच्या या खोलीपासून अगदी वेगळी खोली सैनिकांची होती, आणि तिच्यातून निघालेला अर्थ या संपूर्ण इतिहासातील सर्वांत दूरवर गेलेला आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश पायदळात एकाच मुक्कामाच्या जागेत राहणाऱ्या, एकत्र शिधा घेणाऱ्या सैनिकांच्या छोट्या गटाला ‘कामारादा’ म्हणत. व्याकरणदृष्ट्या हे स्त्रीलिंगी समूहवाचक नाम होते. नंतर त्या गटातील एकट्या माणसालाही तेच नाव लागू झाले. ‘मंच ओरडतात’ या उदाहरणाचा याहून चांगला युरोपीय नमुना सापडणे कठीण. स्पॅनिश सैन्याशी लढणाऱ्या आणि त्याच्या बाजूने लढणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या सैनिकांनी हा शब्द आपापल्या देशी नेला: फ्रेंच ‘कामाराद’, इंग्रजी ‘कॉम्रेड’, जर्मन ‘कामेराड’. पहिल्या महायुद्धात शरण येणारे जर्मन सैनिक हात वर करून ‘कामेराड’ असे ओरडत, आणि त्यामुळे इंग्रज सैनिकांच्या तोंडी तो शब्द शरणागतीचा पुकार म्हणून बसला.

राजकारणात या शब्दाचे जे झाले ते अधिक उद्बोधक आहे. समाजवादी चळवळीने एकमेकांना संबोधण्यासाठी समतेचा शब्द शोधला तेव्हा इंग्रजांनी ‘कॉम्रेड’ आणि फ्रेंचांनी ‘कामाराद’ घेतला. जर्मन समाजवाद्यांनी मात्र ‘गेनोसे’ हा सामायिक उपभोगावर आधारलेला जुना शब्द पसंत केला आणि ‘कामेराड’ सैन्याकडेच राहू दिला. इटलीत तर दोन पक्षांनी दोन शब्द वाटून घेतले: डाव्यांनी ‘कोंपान्यो’, म्हणजे ज्याच्यासोबत भाकरी खाल्ली तो, आणि मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी ‘कामेराता’. इटालियन वाचकाला या दोन शब्दांपैकी कोणता वापरला आहे यावरून बोलणारा कोणत्या बाजूचा हे चटकन कळते. स्पेनमध्ये ‘कामारादा’ कम्युनिस्टांनीही वापरला आणि त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या उजव्या फॅलांजिस्टांनीही. झेक भाषेत ‘कामाराद’ म्हणजे साधा मित्र, शाळेतला किंवा शेजारचा, आणि कम्युनिस्ट राजवटीतील अधिकृत संबोधनासाठी तेथे ‘सोउद्रुह’ हा वेगळा स्लाव्हिक शब्द होता. इटालियन कादंबरीतील ‘कामेराता’चे मराठीत ‘कॉम्रेड’ असे भाषांतर करणारा अनुवादक फॅसिस्ट पात्राला कम्युनिस्ट करून टाकील. इंग्रजीच्या मध्यस्थीने भाषांतर करण्यात हा धोका नेहमीचा आहे आणि त्याकडे मराठीत पुरेशा गांभीर्याने पाहिले गेलेले नाही.

इटालियन ‘कामेराता’चा एक निराळा, सुखद अर्थही आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्समध्ये काउंट जोव्हानी दे बार्दी यांच्या घरी जमणाऱ्या संगीतज्ञ आणि कवींच्या मंडळाला याच नावाने ओळखतात. खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील व्हिन्चेंझो गालिलेई त्या मंडळात होते, आणि प्राचीन ग्रीक नाटकाप्रमाणे शब्दप्रधान गायन पुन्हा उभे करण्याच्या त्यांच्या चर्चांतून ऑपेरा या प्रकाराची वाट मोकळी झाली. संगीतातच ‘दा कामेरा’, म्हणजे खोलीतील, आणि ‘दा किएझा’, म्हणजे चर्चमधील, असा भेद रूढ झाला. इटालियन संगीतकार कोरेल्ली याचा १६८५ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेला सोनाटासंग्रह पहिल्या प्रकारचा होता. मोजके वादक आणि मोजके श्रोते यांच्यासाठी रचलेले हे संगीत पुढे इंग्रजीत ‘चेंबर म्युझिक’ झाले. मराठीत ‘बैठक’ हा शब्द खोलीलाही लागू आहे आणि तेथे होणाऱ्या गायनालाही, त्यामुळे ‘बैठकीचे गाणे’ ऐकलेल्या रसिकाला या युरोपीय संज्ञेचा भाव समजावून सांगावा लागत नाही.

आता ज्या अर्थाने हा शब्द जगभर पोहोचला त्याकडे वळता येईल. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहान छिद्र असल्यास बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते, हे प्राचीन काळापासून माहीत होते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १५५८ साली जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने आपल्या ग्रंथातून ही युक्ती लोकप्रिय केली. या व्यवस्थेला ‘कामेरा ऑब्स्कुरा’, म्हणजे अंधारी खोली, हे नाव योहान्नेस केप्लर याने १६०४ साली आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात वापरले. पुढे खोलीची पेटी झाली, पेटीला भिंग बसले, चित्रकार ती उचलून नेऊ लागले. आणि १८३९ साली दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाल्यानंतर त्या पेटीचे नाव आखूड होऊन विशेषण गळले व ‘कॅमेरा’ तेवढा उरला. ज्या भाषांत ‘कामेरा’ हा खोलीसाठीचा जिवंत शब्द होता तेथे मात्र हे नाव सहजासहजी बसले नाही. इटालियन माणसाच्या दृष्टीने ‘कामेरा’ म्हणजे खोली, विशेषतः झोपण्याची किंवा हॉटेलातील. छायाचित्र काढण्याच्या यंत्राला तो ‘माक्किना फोटोग्राफिका’ म्हणतो. फ्रेंचमध्ये ‘कामेरा’ हा शब्द केवळ चलच्चित्रणाच्या यंत्रासाठी आहे, स्थिर छायाचित्राचे यंत्र ‘आपारेय फोटो’ असते. स्पॅनिशने दोन्ही अर्थ एकाच ‘कामारा’त सामावले. नवा अर्थ कोणत्या भाषेत शिरतो आणि कोणत्या भाषेत उंबऱ्यावरच थांबतो, हे तेथे जुना अर्थ किती घट्ट बसला आहे यावर अवलंबून असते.

पूर्व युरोपात हाच शब्द वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या वाटांनी आला, आणि प्रत्येक वेळी आपली वेगळी निशाणी ठेवून गेला. हंगेरियनमध्ये ‘कॉम्रॉ’ म्हणजे खाद्यपदार्थ साठवण्याची खोली, ‘कॉमॉरॉ’ म्हणजे व्यावसायिकांचे मंडळ आणि ‘कॉमेरॉ’ म्हणजे कॅमेरा; तीन शब्द, तीन आगमने, मूळ एक. पोलिशमध्ये जुन्या ‘कोमोरा’पासून ‘कोमोर्निक’ हा शब्द बनला, जो एके काळी दरबारातील खोलीचा सेवक होता आणि आज न्यायालयाच्या हुकमाने जप्ती आणणारा अधिकारी आहे. त्याच ‘कोमोरा’चे लघुरूप ‘कोमुर्का’ म्हणजे लहानशी खोली. जीवशास्त्रात पेशीला हेच नाव मिळाले, आणि मोबाइल फोनचे जाळे पेशींसारख्या विभागांत वाटलेले असल्यामुळे पोलिश माणूस आज खिशातल्या फोनला ‘कोमुर्का’ म्हणतो. रशियनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे तुरुंगातील कोठडी, रेल्वे स्थानकावरील सामान ठेवण्याची जागा, चाकाच्या आतील हवेची नळी आणि चित्रीकरणाचे यंत्र. गुलाग छावण्यांविषयीचे रशियन साहित्य वाचताना या शब्दाचा पहिला अर्थ मनात ठेवावा लागतो. खुद्द ग्रीकांकडे शब्द परत आला तो परदेशी वेष घालून: आधुनिक ग्रीकमध्ये ‘कमारा’ म्हणजे कमान, आघात बदलून उच्चारलेली ‘कामारा’ म्हणजे खोली, आणि ‘कामेरा’ म्हणजे कॅमेरा. थेस्सलोनिकी शहरातील रोमन सम्राट गॅलेरिअस याच्या विजयकमानीला तेथील लोक नुसते ‘कमारा’ म्हणतात, म्हणजे मूळ अर्थ अडीच हजार वर्षांनंतरही त्या रस्त्यावर टिकून आहे. युरोपच्या पश्चिमेकडेही अशी रूपे आहेत: बास्क भाषेत ‘गांबारा’ म्हणजे छपराखालचा माळा, आणि आयरिशमध्ये ‘शोमरा’ ही कोणतीही साधी खोली.

विसाव्या शतकाने या शब्दाला जो अर्थ दिला तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. जर्मन ‘गासकामर’, पोलिश ‘कोमोरा गाझोव्हा’, फ्रेंच ‘शांब्र आ गाझ’ ही नावे आउश्वित्स आणि इतर मृत्युछावण्यांमधील मानवसंहाराची आहेत. धान्याच्या कोठीसाठी आणि न्यायालयासाठी वापरला जाणारा साधा, प्रशासकीय शब्द संहाराच्या जागेसाठी वापरला गेला.

अशा अभ्यासात एक सावधगिरी सतत बाळगावी लागते. रूपसाम्य म्हणजे नाते असे मानले की व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाच्या उगमाचा शोध, ही कल्पनाविलासाच्या पातळीवर येते. आफ्रिकेतील कॅमेरून या देशाचे नाव ‘कामेरा’शी मुळीच संबंधित नाही, पोर्तुगीज दर्यावर्दींनी तेथील नदीत दिसलेल्या कोळंबीसारख्या जिवांवरून, ‘कामाराव’ या शब्दावरून, ते दिले. उलट फारसी ‘कमर’, जिच्यापासून मराठी ‘कंबर’ आली, तिचे आणि ग्रीक ‘कमारा’चे नाते काही अभ्यासकांनी सुचवले आहे, कारण वेढणे आणि वळणे ही कल्पना दोन्हींत आहे, पण ते नाते निर्विवाद नसल्यामुळे येथे त्यावर कोणताही डोलारा उभा केलेला नाही.

मराठीत हा शब्द एकदा नव्हे, अनेकदा आला आहे. हिंदीच्या संपर्कातून परिचित असलेला ‘कमरा’ पोर्तुगीज ‘कामारा’पासून आला असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि त्याच पोर्तुगीज शब्दाचा नागरी कारभाराचा अर्थ गोव्यातील नगरपालिकांना ‘कामारा म्युनिसिपाल’ हे नाव देऊन गेला; सासष्टीची अशी संस्था मडगावात होती. इंग्रजीतून ‘कॅमेरा’, ‘कॉम्रेड’ आणि ‘चेंबर’ आले. कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे यांच्या नावाआधी लागलेला शब्द आणि न्यायाधीशांचे ‘चेंबर’ हे एकाच कुळातले आहेत, आणि रस्त्याखालच्या सांडपाण्याच्या वाहिनीवरील ज्या विटांच्या हौदाला सफाई कामगार ‘चेंबर’ म्हणतात तोही त्याच कुळातला. सर्वांत विलक्षण स्थिती ‘इन कॅमेरा’ या शब्दप्रयोगाची आहे. कायद्याच्या लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘न्यायाधीशाच्या खोलीत’, म्हणजे बंद दाराआड. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३२७ व्या कलमानुसार बलात्काराच्या खटल्यांची सुनावणी अशी व्हायची. मराठी वृत्तपत्रांत मात्र ‘इन कॅमेरा सुनावणी’ बंद दाराआडची असते आणि ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ व्हिडिओ चित्रीकरणासह केलेले असते. पहिल्यात लोकांची नजर बाहेर ठेवायची आहे आणि दुसऱ्यात पुराव्यासाठी नजर आत आणायची आहे. तरी दोन्ही बातम्या एकाच पानावर छापल्या जाऊ शकतात. याला अज्ञान म्हणून सोडून देणे बरोबर नाही. मराठी भाषकांनी यंत्राचे नाव असलेला परिचित शब्द ऐकला, त्याला पटेल असा अर्थ लावला, आणि तो अर्थ पोलीस व डॉक्टरांच्या कामकाजात स्थिरावला. फ्लॉरेन्स, क्राकोव्ह किंवा बर्लिन येथे जे घडले तेच येथेही घडले आहे. मात्र न्यायालयीन वार्तांकनात या दोन अर्थांची सरमिसळ पीडित व्यक्तीच्या हिताला बाधक ठरू शकते, म्हणून ‘बंद दाराआड सुनावणी’ आणि ‘चित्रीकरणासह शवविच्छेदन’ असे स्पष्ट मराठी शब्द वृत्तपत्रांनी वापरावेत, हे येथे आग्रहाने सांगितले पाहिजे.

कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या दशकांत मराठीत आलेल्या युरोपीय शब्दांना येथील कारखान्यांत, इस्पितळांत, पोलीस ठाण्यांत आणि बांधकामांवर जे नवे अर्थ मिळाले आहेत, त्यांची नोंद कोशकारांनी एकट्याने करणे शक्य नाही. ‘चेंबर’, ‘कॅमेरा’ किंवा अशा कोणत्याही शब्दाचा अनपेक्षित अर्थ ज्या वाचकांच्या कानांवर पडेल, त्यांनी तो संपूर्ण वाक्य, गाव, व्यवसाय आणि तारीख यांसह लिहून ठेवावा व जवळच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे पोहोचवावा, अशी विनंती आहे.